अमावस्येला बंद पडणारा प्रोग्राम

मरिया मकासरे हट्टी आहे, हे तिच्या आईपासून चर्चच्या पाळकांपर्यंत कोणीही सांगेल. सुप्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्राम लिहायची तिची चांगली नोकरी होती. पस्तिशी उलटल्यावर ती सोडून बाई नेवाशाजवळच्या आपल्या गावी परतली आणि म्हणाली, आता इथेच बसून काम करणार. लोक म्हणाले, गावात बसून कसले प्रोग्राम लिहिणार, शेणाचे? मरिया हसली आणि तिने गावच्या दूध डेअरीचं काम पदरात पाडून घेतलं.

काम साधंच होतं. डेअरीत प्रत्येक घराला एक नंबर असतो. माणूस खिडकीशी येऊन नंबर सांगतो, दूध काट्यावर ओततो, फॅट मोजली जाते आणि पावती निघते. ही पावती मरियाच्या प्रोग्राममधून निघायची. प्रोग्राम महिनाभर गुणी सुनेसारखा वागायचा आणि अमावस्येच्या संध्याकाळी भर रांगेत पटकन मरायचा. एकदा नाही, तीन अमावस्या हेच झालं.

गावाने निदान करून टाकलं. खिडकीवर बसणाऱ्या सहादेवने कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. मरियाने ती पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं.

"सहादेव, कॉम्प्युटरला तिथी कळत न्हाई रे!"

"तुमाला न्हाई कळत ताई, त्याला कळती," सहादेव शांतपणे म्हणाला.

डेअरीचे सेक्रेटरी काकासाहेब तसे मऊ मनाचे, पण रांगेतल्या शिव्या त्यांनाच खाव्या लागायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मरियाताई, या अमावस्येला बंद पडलं तर आमी नगरच्या कंपनीचं मशीन आननार. तुमच्यावर राग न्हाई, पन लोकं ऐकत न्हाईत." मरिया "बरं" म्हणाली खरी, पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. डेअरीचंच काम गेलं, तर शेजारच्या गावातलं कोण तिला दारात उभं करणार? मग पुन्हा सुपा, पुन्हा भाड्याची खोली. तिला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

मरियाचं हत्यार म्हणजे डीबगर. काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणारा एक प्रोग्राम, जो दुसऱ्या प्रोग्रामला मांडीवर घेऊन चालवतो. तो मेला तर कोणत्या ओळीवर मेला, तेव्हा त्याच्या हातात काय होतं, सगळं दाखवतो. 'रन' लिहिलं की प्रोग्राम सुरू. पहिल्यांदा 'रन'पुढे 'संध्याकाळ', म्हणजे संध्याकाळची दूधपाळी, असं लिहिलं, की पुढच्या वेळी नुसतं 'रन' म्हटलं तरी डीबगर संध्याकाळच धरून चालतो. मध्येच पुन्हा 'रन' म्हटलं, तर आधी विचारतो: हा चालू आहे, पहिल्यापासून सुरू करू? मरिया 'हो' म्हणायची. आठवडाभर ती 'हो'च म्हणत होती. कॉम्प्युटरची तारीख बदलून तिने खोटी अमावस्यासुद्धा आणून पाहिली. सहादेवला हे कळलं असतं तर त्याने तिला जन्मभर चिडवलं असतं. पण घरी प्रोग्राम मरेचना! आजारी पोर डॉक्टरांपुढे नेलं की उड्या मारतं, तशातली गत.

शेवटी अमावस्येच्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन डेअरीतच जाऊन बसली. काटा आणि फॅट मशीन लॅपटॉपला जोडलं, डीबगर उघडला आणि त्यातूनच प्रोग्राम सुरू केला. सहादेव नंबर टाकू लागला. रांग सरकत होती. काकासाहेब दारात उभे राहून घाम पुसत होते.

रांगेतून पुढे आलेल्या अजिनाथने काट्यावर ओतायला किटली उचलली आणि पडदा थबकला.

"याच्याच म्हशीचं दूध सोसत न्हाई बघा त्याला!" मागून कोणीतरी ओरडलं. अजिनाथ बिचारा किटली धरून तसाच उभा राहिला.

"कुनी काई करू नका," मरिया म्हणाली. प्रोग्राम या वेळी डीबगरच्या मुठीत होता. भागाकाराच्या ओळीवर थांबला होता. लिटरमागे भाव काढायला तिने रकमेला लिटरने भागलं होतं. लिटर किती, तिने विचारलं. पडद्यावर उत्तर आलं: शून्य. शून्याने कोण भागणार?

"सहादेव, हा नंबर कुनाचा? अजिनाथचा न्हाई हा."

"राहीबाईचा. आत्ता दारातनं सांगून गेली की."

राहीबाई तोवर चावडीपर्यंत पोचली होती. अजिनाथने तिला हाक मारून आणलं. पदर सावरत ती घाबरत घाबरत पुढे आली.

"म्या मोडलं का गं पोरी?"

"न्हाई राहीमावशी. पन शून्य लिटर का सांगता?"

"अमुशाला आमच्यात दूध इकत न्हाईत. पन खाडा पडू नये, म्हनून नंबर सांगून जाते." मग ती हळूच म्हणाली, "मालक गेल्यापून घरात येकलीच हाय. नंबर न्हाई आला, तर कुनाला कळायचं म्हातारी हाय का गेली?"

सहादेव मान खाली घालून कळफलक पुसू लागला. मरियाच्या मनात आलं, आपण घरी बसून जी खोटी माणसं बनवली, ती सगळीच्या सगळी दूध घेऊन आली होती. रिकाम्या हाताने कोणी येईल, हे आपल्याला सुचलंच नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

काकासाहेबांनी वाट सोपी केली. "मंग राहीबाई, अमुशाला येत जाऊ नका. झालं, मिटलं!"

"न्हाई काकासाहेब," मरिया ताडकन म्हणाली. "त्या येनार. चूक माजी हाय, त्यांची न्हाई."

तिथेच तिने कोड दुरुस्त केलं: लिटर शून्य असेल तर भागायचं नाही, पावतीवर 'हजर' छापायचं. प्रोग्राम नव्याने तयार केला आणि 'रन' लिहिलं. पहिल्यापासून सुरू करू? हो. आधीच्या नोंदी फाईलमध्ये होत्याच, त्या त्याने उचलल्या. सहादेवने राहीबाईचा नंबर टाकला, शून्य टाकलं, आणि सगळ्या रांगेने श्वास रोखला.

पावती निघाली. राहीबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून अजिनाथने मोठ्याने वाचून दाखवली: "राहीबाई, दूध शून्य, हजर." तिने ती घडी करून कनवटीला लावली.

"म्हंजी अमुशाचंच हुतं की!" सहादेव विजयाने म्हणाला.

"व्हय बाबा, अमुशाचंच हुतं," मरियाने कबूल करून टाकलं.

रांग शेवटपर्यंत सरकली. मरिया लॅपटॉप मिटून निघाली तेव्हा काकासाहेबांनी तिला खिडकीशी थांबवलं आणि सहादेवकडे वळून म्हणाले, "यादीत एक नवा नंबर घाल. मरिया मकासरे."

"माज्याकडं शेळीसुदिक न्हाई, काकासाहेब."

"नसू द्या की. रोज येऊन नंबर सांगत जावा. गावात हाय का न्हाई, आमाला कळाया नको व्हय?"