खिशातलं शाईचं पॅड

अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी शुगर दाखवायला जातो, तिथे नव्या औषधाच्या चाचणीसाठी लोकांची संमती घेणारा एक कारकून आहे. सहीवाल्यांना तो पेन लगेच देतो. अंगठेवाल्यांना मात्र सगळा कागद वऱ्हाडीत वाचून दाखवतो, आणि त्यांनी तो आपल्या तोंडाने परत सांगेपर्यंत शाईचं पॅड खिशातून काढत नाही.

परवा माझ्या शेजारी तिवशाची भाजीवाली आजी बसली होती. मी पडलो मास्तर. संमतीच्या अकरा पानांवर अकरा झोकदार सह्या ठोकून मिशीवरून हात फिरवत होतो.

"आजी, काय समजलं?" त्याने विचारलं.

"अर्ध्यायले नवं औषध, अर्ध्यायले बिनऔषधाची गोळी. कोणाले कोणती, ते डॉक्टरलेबी मालूम नाई. पण बापू, माही रोजची गोळी तं चालू राहीन ना?"

कागदावर 'चालू औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे' एवढंच होतं, म्हणून तो थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरला.

"अहो, अंगठा घ्या आणि मोकळे व्हा!" डॉक्टर ओरडले.

"पॅड वाळलं, सायेब. पयले गोळीचं सांगा."

बाहेर येऊन म्हणाला, "आजी, पयला महिना जुनी गोळी बंद."

"मंग नाई देत अंगठा," आजीने पिशवी उचलली.

मी ताडकन उठलो. "माहीबी बंद?"

"काहून घाबरता, सर? तुमी तं वाचून सह्या केल्या ना?" त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "हा नाव मागं घ्याचा. पण आता पेनबी वाचल्यावरच भेटन."