कापड्याच्या पांढऱ्या गच्चीवरची सोलं

एप्रिलअखेर कोकणात जायचं म्हटलं की लोक समुद्र गाठतात. आम्ही गेल्या वर्षी महाड-पोलादपूरला गेलो, तेही एका आरोग्य उपकेंद्राची गच्ची बघायला. सुधीर, म्हणजे माझा नवरा, सरकारी नोकरीत आहे. जुन्या सरकारी इमारती कमी विजेत आणि कमी उकाड्यात कशा चालतील हे बघणं त्याचं काम. बाकीचे नवरे बायकोला गड दाखवतात, हा पंखे दाखवतो. तरीही मी हट्टाने सोबत निघाले, कारण जाताना वरंधा घाट लागणार होता.

सकाळी लवकर पुण्याहून निघून भोरला पोहे खाल्ले आणि पेट्रोलची टाकी भरून घेतली. वरंधा घाट पावसाळ्यात बरेचदा बंद असतो, तेव्हा तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करा. रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न दिल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाटातल्या टपरीवर कढईतून थेट बशीत आलेली कांदाभजी खाल्ली. समोर एवढी खोल दरी होती की मी तिथून हलायलाच तयार नव्हते. खाली वरंध गाव आलं तसा गारवा संपला आणि आम्ही काचा वर करून एसी लावला.

घाट उतरताना सुधीरने मला सरकारचा बेत समजावून सांगितला, आणि खरं सांगते, मला तो फार आवडला. पाडून नवं बांधायचं नाही. उभी आहे तीच इमारत तपासायची, जुने पंखे आणि ट्यूबलाइट बदलायचे, खिडक्यांवर छज्जे बसवायचे, स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा थर द्यायचा. आधी गावातली एक इमारत करायची, लोकांनी ती नीट सांभाळली तर दुसरी घ्यायची. "यात उद्घाटनाची फीत कापायला काही मिळत नाही," सुधीर म्हणाला, "म्हणून हे काम कुणाला दिसत नाही."

मुक्काम महाडला केला. लॉज साधा पण स्वच्छ होता, जेवणात तळलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी. दोघांचं जेवण पुण्यातल्या एका थाळीच्या पैशात झालं. संध्याकाळी चवदार तळ्याकाठी जाऊन बसलो. उन्हाने शिणलेली माणसं तिथे वाऱ्याला आली होती, आम्हीही त्यांच्यात मिसळून गेलो.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला मिसळ खाऊन उपकेंद्राच्या गावी, कापड्याला पोचलो. भाताची खाचरं कोरडी पडली होती आणि बांधांवर रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं लाल फळांनी लगडली होती. उपकेंद्राच्या मनीषा सिस्टर दारातच वाट बघत होत्या. आत पाय ठेवला आणि मी चकित झाले. पंखा आवाज न करता फिरत होता आणि खोली खरोखर गार होती. "पूर्वी बाळंतिणी इथे थांबायलाच तयार नसायच्या," सिस्टर म्हणाल्या. मग शेजारच्या बसक्या इमारतीकडे बोट दाखवून त्यांनी मुद्द्याला हात घातला. "सर, आता ही अंगणवाडी. दुपारी वरून स्लॅब इतका तापतो की पोरं रडतात, घरी पाठवावी लागतात. आयांना कामावरून परत यावं लागतं. आमच्या गच्चीची पाहणी चांगली झाली की हिचा नंबर लागेल ना?"

"लागेल," म्हणत सुधीर जिना चढला. मागून मी आणि सिस्टर. वर पोचलो आणि बघतो तर काय! पांढरीशुभ्र गच्ची अर्धीअधिक लालभडक झाली होती. ओळीने रातांब्याची सोलं, म्हणजे आमसुलं वाळत घातली होती, आणि त्यांचा रस थरात मुरला होता. सिस्टरच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गावातल्या तीन-चार बायकांसोबत सोलं उलटत बसलेल्या पारूकाकी मात्र खुशीत होत्या. "सरकारनं येवढी चकाचक गच्ची करून दिली, मंग वाया कशाला घालवायची? पयली काळी व्हती, आता ताटासारखी हाय." आणि त्यांनी वर तक्रारही केली. "पन सायब, खोटा माल लावलाय बघा. सोलं पयल्यासारखी वाळतच नाय. खालनं चटका लागतच नाय."

सुधीर खो-खो हसत सुटला. चपला काढून अनवाणी उभा राहिला, मलाही उभं केलं. भर उन्हात पाय भाजत नव्हता! मग आम्ही सगळेच अंगणवाडीच्या गच्चीवर गेलो, तिथे टाच टेकवेना. "काकी, माल खरा आहे, म्हणूनच तुमची सोलं वाळत नाहीत," तो म्हणाला. डाग धुऊन तिथे पांढऱ्या थराचा पुन्हा हात मारता येईल असं त्याने सिस्टरना सांगितलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

पण खरा प्रश्न पुढेच होता, आणि तो सुधीरने सरळ विचारला. "अंगणवाडीलाही पांढरं लावलं तर गावात तापणारी मोठी गच्ची राहणार नाही. सांभाळायची तयारी असेल तरच मी शिफारस लिहितो. तुम्ही सोलं कुठे वाळवणार?"

"खाली कोंबड्या हायत, गुरं हायत," बायकांमधली एकजण पुटपुटली. पाऊस यायच्या आत सोलं वाळली नाहीत तर ती सडतात, मुंबईला असलेल्या लेकरांच्या डब्यात जायची ती इथेच उकिरड्यावर जातात. मलाच वाटलं, सुधीरने विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

पारूकाकींनी लाल झालेले हात पदराला पुसले. "पोरांच्या डोक्यावर कशाला वाळवायची गो? अंगनात वाळवू. पाळीपाळीनं राखन करू. लिवा सायब, तयारी हाय."

मी काकींचा तो लाल हात हातात घेतला.

येताना आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि वाईवरून घरी आलो. हाही रस्ता सुरेख आहे, फक्त दिवसाउजेडी पार करा. आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत पांढऱ्या गच्चीचा विषय काढला. तो अजून चर्चेतच आहे, आणि मी काही तो सोडणार नाही.

कापड्याच्या अंगणवाडीचं काम मात्र झालं. परवा मनीषा सिस्टरचा फोन आला. पोरं आता दुपारी तिथेच झोपतात म्हणाल्या. मी विचारलं, "आणि काकी?" म्हणाल्या, काकी अंगणवाडीच्याच अंगणात उन्हात बसून सोलं राखतात. कोंबडी आली तरी हुश्श म्हणत नाहीत, पोरं उठतील म्हणून. नुसती काठी हलवतात.