भोकाचं पान

गोंदियात ‘ऑरगॅनिक बर्गर’ची पाटी लागली, तेव्हा मी हौसेने गेलो. समोरच्या खुर्चीवर धोतरातले एक अनोळखी काका होते. त्यांनी बर्गर उघडून पत्ताकोबीचं पान उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. त्यांचं पान अखंड होतं; माझ्या पानाला मात्र भोक निघालं. तक्रारीसाठी मी हात वर केला, तो काकांनी खाली ओढला.

“कायले बोंबलून राहिले भाऊ? तुमचं पान अळीनं चाखलं, म्हणजे दवाई मारली नाही. माह्या पानाले अळीनं तोंड नाही लावलं, ते मी काऊन खाऊ?”

माझं पान त्यांनी स्वतःच्या बर्गरात घातलं, आपलं मला दिलं.

“तुम्ही खा. तुम्हाले पचते.”

मी खाल्लं. पचलंही, हेच वाईट.