काँडॉर बघूनच ये

श्यामलाला मी वीस वर्षं ओळखते, पण तिच्यावर एवढी कधी चिडले नव्हते. ईलिंगमधल्या आमच्या रस्त्यावर तिचं घर माझ्या घरापासून चौथं. ती नागपूरची, मी पुण्याची, त्यामुळे पहिली दोनेक वर्षं आम्ही एकमेकींच्या वरणाला नावं ठेवण्यात घालवली. ती इथल्या एका प्रायमरी शाळेच्या ऑफिसात काम करते. एखादं पोर पडलं, कपाळाला खोक पडली, तर त्याच्या आईला फोन हीच करते. "एव्हरीथिंग इज फाइन, जरा येऊन जाता का?" असं म्हणते. आया तिच्यावर जीव टाकतात. वाईट बातमी गाळून, निववून मग पुढे करायची, हा तिचा स्वभावच.

वैभवी तिची एकुलती एक. युनिव्हर्सिटी संपल्यावर बाकीच्यांची मुलं लंडनमध्ये नोकऱ्या शोधत होती, तेव्हा ही पेरूला निघाली. कुस्कोजवळच्या एका गावातल्या शाळेत सहा महिने मुलांना इंग्रजी शिकवायचं, पगार नाही, नुसती इंटर्नशिप. श्यामलाने आकांडतांडव केलं. तिचा नवरा संजय एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं. आपणही आलोच ना घर सोडून."

संजय बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि बोलायचा कमी. स्वतः कधी हौसेने एडिनबराच्या पुढे गेला नाही. पण पोरगी गेली आणि हा माणूस पेरूमय झाला. आमच्याकडे जेवायला आला की बटाट्याच्या भाजीकडे बघत पेरूतल्या बटाट्यांच्या जाती सांगायचा. मी म्हणायचे, "संजय, ही सुपरमार्केटची जात आहे. गिळ मुकाट्याने." शाळेतली मुलं वैभवीला 'प्रोफे', म्हणजे बाई, म्हणत. निरोपाच्या दिवशी त्यांनी तिच्या डोक्यावर कागदाचे रंगीत तुकडे उधळले, तो फोटो संजयने आमच्या पोस्टमनलासुद्धा दाखवला.

इंटर्नशिप संपल्यावर तीन आठवडे एकटीने देश बघायचा, शेवटी एका खोल दरीच्या काठावरून काँडॉर, म्हणजे तिथली अवाढव्य गिधाडं, बघायची आणि मग घरी, असं ठरलं होतं. फोटो येत राहिले. ढगांतले दगडी जिने, लाल पोंचो घातलेल्या म्हाताऱ्या, बसच्या खिडकीतून दिसणारे, लांब मानेचे लामा चरताना. प्रत्येक फोटोला संजयचं उत्तर ठरलेलं. एक अंगठा आणि खाली 'स्वेटर घाल.'

वैभवी टिटिकाका सरोवरावर होती, त्या रविवारी सकाळी संजय चहा घेऊन जिना चढत होता. मध्येच पायरीवर बसला आणि उठला नाही. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. ॲम्ब्युलन्स लगेच आली, पण उपयोग झाला नाही.

मी धावत गेले तर श्यामला त्याच पायरीवर बसलेली. रडत नव्हती. मला बघून पहिलं वाक्य बोलली, "वैभूला सांगायचं नाही हं, सुनीती. मंडळाच्या ग्रुपवर पण कुणी काही टाकायचं नाही."

"वेड लागलंय का तुला? तिचा बाप आहे तो."

"म्हणूनच. एकटी आहे गं ती तिकडे. त्या डोंगरात फोनवर ऐकणार, आणि मग दोन-दोन फ्लाइट बदलत एकटीने रडत येणार? नाही. घरी येईल, माझ्या समोर बसेल, तेव्हा मी सांगीन."

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. तिचे स्वतःचे वडील गेले तेव्हा ही हीथ्रोवर विमानाची वाट बघत असतानाच भावाने फोनवर सांगून टाकलं होतं. विमानात शेजारी अनोळखी माणूस, आणि ही तोंडात रुमाल कोंबून बसलेली. त्या प्रवासाबद्दल ती कित्येकदा बोलली होती. पण नागपूरला पोचेपर्यंत चिता विझली होती आणि वडिलांचं तोंडही बघायला मिळालं नाही, ते मात्र ती कधीच बोलायची नाही. मी त्या दिवशी ते बोलून दाखवलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्युनरल डायरेक्टरकडे गेलो. राखाडी सूटमधली एक इंग्रज बाई, फार मायेने बोलत होती. इथे माणूस गेल्यावर दोन-तीन आठवडेही थांबतात. पार ऑस्ट्रेलियातून नातेवाईक येईपर्यंत थांबतात. ती म्हणाली, "घाई नाही. कुणाची वाट बघायची आहे का?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात श्यामला म्हणाली, "नो. नोबडी. आमच्यात ठेवत नाहीत. लवकरात लवकर द्या."

ठेवत नाहीत! आपल्याकडे ऊन असतं, बर्फाच्या लाद्या लागतात, म्हणून ठेवत नाहीत. इथे संजय थंडाव्यात नीट निजला होता आणि मुलगी पुढच्या मंगळवारी येणार होती. पण पिढ्यान्‌पिढ्यांची ती घाई श्यामलाच्या अंगातून जाईना. कुणाचा तरी स्लॉट रद्द झाला होता, शुक्रवारचा. तिने तो घेतला. बाहेर कार पार्कमध्ये मी तिच्याशी भांडले. कालच विधवा झालेल्या बाईशी मी आवाज चढवून भांडले, आणि आजही मला वाटतं, मी बरोबर होते.

फोटो येतच होते. उत्तर गेलं नाही तर पोरगी घाबरेल म्हणून संजयचा फोन श्यामलाने स्वतःकडे ठेवला. अंगठा आणि 'स्वेटर घाल.' व्हिडिओ कॉल आला की ती वैभवीला सांगायची, बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरने बोलू नको म्हटलंय, वर झोपलेत. आणि स्क्रीनसमोरून उठली की स्वयंपाकघरात जाऊन सिंकला धरून उभी राहायची. डबा द्यायला गेलेली मी ते बघत होते. राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन जायचे.

शुक्रवारी क्रिमेटोरियममध्ये पेटी भट्टीत सरकवायचं बटण कोण दाबणार असं विचारलं, तेव्हा सगळे इकडेतिकडे बघू लागले. श्यामला पुढे झाली. शेवटी मी तिच्या मनगटाला धरलं, तेव्हा बटण दाबलं गेलं.

मंगळवारी वैभवीला हीथ्रोवरून मीच आणलं. काळवंडली होती, दंडात एक विणलेला पट्टा, गाडीभर बडबड. "सुनीतीमावशी, माझा बस इतका लेट झाला ना, आणि मग त्या ड्रायव्हरने सगळ्यांना सूप दिला!" मी रस्त्याकडे बघत 'हो का, हो का' करत होते. श्यामलाने मला शपथ घातली होती.

दार उघडलं तशी ती बॅग टाकून सरळ जिन्याकडे धावली. "बाबा! तुमच्या घशासाठी निलगिरीच्या गोळ्या आणल्यात, अँडीजमधल्या, प्रॉपर!" श्यामलाने पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता, कोचावर बसवायची जागा ठरवली होती, वाक्यं ठरवली होती. त्यातलं काही झालं नाही. वरच्या खोलीत संजयचा फोटो होता आणि फोटोपुढे दिवा. आम्ही दोघी खाली उभ्या.

बऱ्याच वेळाने ती खाली आली. गोळ्यांची पिशवी हातातच होती. "कधी?" तिने विचारलं. श्यामलाने रविवारचं, शुक्रवारचं सगळं सांगितलं. ती आईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या, मीही रडले. मला वाटलं, चला, श्यामलाचंच खरं झालं म्हणायचं. माझाच आगाऊपणा.

मग वैभवी एकदम मागे सरकली. खिशातून फोन काढला.

"मम्मी, मागच्या मंगळवारी मी बाबांना मेसेज केला होता. अरेकिपाहून. हे कुणी लिहिलं?"

मला माहीत नव्हतं हे. श्यामलाचा चेहराच सांगत होता. वैभवीने फोन माझ्या हातात दिला. तिचा मेसेज असा होता: बाबा, मला काय होतंय कळत नाही, खूप घरी यावंसं वाटतंय. बुधवारची एक सीट आहे, गुरुवारी पोचेन. येऊ का?

खाली संजयच्या नावाने उत्तर होतं. अंगठा नाही, स्वेटर नाही. 'नको बेटा. काँडॉर बघूनच ये. मी पण इथून तुझ्याबरोबर बघतोय.'

"शुक्रवारी मी इथे असते," वैभवी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझी ट्रिप पुरी व्हावी म्हणून गं," श्यामला म्हणाली. "त्याची फार इच्छा होती."

"मी त्या दरीच्या काठावर उभी राहून बाबांना थँक्यू म्हटलं, मम्मी. मोठ्याने. लोक बघत होते."

आता वैभवी एडिनबराला नोकरी करते. आईशी भांडण नाही, दिवाळीला येते, साडी नेसते. पण श्यामलाने तिला काहीही मेसेज पाठवला, अगदी 'जेवलीस का' एवढाच, तरी मिनिटाभरात व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर आईचा चेहरा नीट बघते आणि फोन ठेवते.