कूलरचं पाणी आणि मेघाची शतावरी

मेघाने आठ दिवसांत एकदाही झाडाबद्दल विचारलेलं नाही. कुणाला सांगितलं तर हसतील. पण मी सारखा फोन बघत असते.

मेघा माझी मुलगी, सत्तावीस वर्षांची. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिलं करते, तिथेच खोली घेऊन राहते. आधी ती इथे शहरात, सदरला, फुलांच्या दुकानात बुके बांधायची. गुलाबांच्या मागे पिसासारखी नाजूक हिरवी फांदी लावतात ना, ती शोभेची शतावरी. दुकानाने टाकून दिलेली तिची एक फुटकी कुंडी मेघाने ऑटोतून मांडीवर घेऊन आणली होती.

दोन वर्षांपूर्वी साखरपुडा झाल्यावर मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. मेघा बोलेना, जेवेना. तीन आठवडे अंगणात भिंतीला टेकून बसायची. तिच्या खोलीची आतली कडीच मी काढून टाकली होती. मग एका सकाळी तिने ती कुंडी पुढ्यात ओढली, पिवळ्या काड्या मुळाशी कापल्या, माती बदलली. दोऱ्याएवढा कोंब दिसला त्या दिवशी तिने वरणभात मागून खाल्ला.

वाडीला जाताना म्हणाली, "आई, तिकडे ट्रकची धूळ लय आहे. हे तुह्याजवळ राहू दे. उन्हात नको ठेवजो, पानांवर पाणी शिंपडजो."

रोज चहाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. "माह्यं झाड कसं आहे?"

"मी कशी आहे ते विचार ना वं!"

"तू तं बोलून राहिली. ते थोडीच बोलते?"

मे लागला. कूलरची टाकी धुताना उरलेलं बोअरचं पाणी फेकवेना, म्हणून मी ते शतावरीला घालत गेले. गार पाणी, तिला बरंच वाटेल, असं वाटलं. पंधरा दिवसांत ती पिवळी पडून झडू लागली. शेजारच्या सिंधूताईंनी मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडला.

"कूलरचं पाणी घातलं? आटून आटून नुसता खार राहते त्यात. लोणचं घातलं वं तू झाडाचं!"

नेमका तेव्हाच मेघाने फोटो मागितला. मी मार्चमधला जुना पाठवला. 'छान' एवढंच उत्तर आलं. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर "हो", "जेवली", "ठेवते". आवाज तोच, दोन वर्षांपूर्वीचा.

आज तो फोटो पुन्हा पाहिला. कुंडीमागच्या खिडकीत कूलर नाही; तो दरवर्षी एप्रिलमध्ये बसतो. हे माझ्या लेकीला दिसलं नसेल? झाड गेलं असं समजून ती गप्प झाली, की आधीच काही बिनसलं होतं आणि म्हणून फोटो मागितला, मला कळत नाही. दुसरं खरं असेल तर मी तिच्या हातातली आधाराची काडीही काढून घेतली.

मघाशी अंगणातला दिवा लावून कुंडी उलटी केली. मुळांना बोटाएवढ्या गाठी आहेत. बहुतेक पिचपिचीत झाल्यात. चार-पाच अजून कडक, पांढऱ्या आहेत. वरचं सगळं कापायचं का, गाठी धुवायच्या का, मला काही येत नाही. ते फक्त तिलाच येतं.

साडेअकरा वाजलेत. गोदामातली तिची पाळी अकराला सुटते, जागी असेल. खोटा फोटो पाठवला हे आधी सांगीन. मग गाठी कशा वाचवायच्या ते विचारीन, आणि उद्या घरी ये म्हणीन. नाही उचलला तर पुन्हा करीन, उचलेपर्यंत करीन.

फोन लावते.