माठातल्या पाण्याचा सोडा

तू अकोल्यात आणि मी अमरावतीत, तरी फोनवरच अशी जवळ सरक, म्हणजे मला नीट रागावता येईल. नात असलीस म्हणून काय झालं? सोडा करायचं मशीन एकदा घाईघाईनं दाखवायचं आणि गाडी पकडायची, ही काय रीत झाली?

तापातून उठल्यावर तुझ्या आजोबांना पाणी नकोसं झालं होतं. पेला तोंडाशी नेला की उमासे. सोड्याचे मात्र दोन-चार घोट उतरायचे. डॉक्टर म्हणाले, सोडा तर सोडा, पण पाणी पोटात गेलं पाहिजे, नाहीतर सलाईनसाठी भरती करू. आणि दवाखान्याच्या खाटेवर परत जायचं नाही, हे यांनी आधीच सांगून टाकलेलं. दुकानातली बाटली उघडली की संध्याकाळपर्यंत तिच्यातला गॅस जायचा, म्हणून तू ते मशीन आणलंस.

तू गेल्यावर मी खटका पाचदा दाबला. फसफस व्हायची, पण पेल्यात ओतेपर्यंत पाणी गप्प.

"हे तं साधंच पानी हाये," म्हणून यांनी पेला सारला.

तू फोनवर विचारलंस, "आजी, थंड पाणी घेतलं ना?"

"थंडच हाये," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. वाळ्याची जुडी टाकलेल्या माठातलं पाणी होतं. आजारी माणसाच्या घशाला मी फ्रीजचं पाणी लागू देत नाही. आमच्याकडे फ्रीज दुधासाठी आणि हिरव्या सांबाराच्या जुडीसाठी.

दुसऱ्या दिवशी यांचे ओठ फुटले. मी पिशवीत दोन चादरी भरल्या.

"कोनाची तयारी?"

"तुमची."

"मले नेऊनच राहिली तं मशीनलेही घे. दोघंही बिघडलो."

मग त्यांनीच तुला फोन लावला. पाणी माठातलं आहे हे ऐकून तू हसलीस, ते मला ओट्यापाशी ऐकू आलं. गॅस धरायला फ्रीजइतकं गार पाणी लागतं, असं तू सांगितलंस, तशी त्यांनी मशीनची बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले.

"घसा धरन," मी म्हटलं.

"घसा माहा हाये."

दोन तासांनी खटका दाबला, तर बुडबुडे बाटलीला चिकटून राहिले. लिंबू आणि काळं मीठ तू सांगितलंस तसं नंतर पेल्यात घातलं. यांनी अख्खा पेला रिकामा केला. उमासा नाही, नुसती ढेकर. मी चादरी कपाटात ठेवल्या.

घसा धरलाच थोडा. ते मी बोलून दाखवलं.

आता मशीनमधलं गॅसचं सिलिंडर हाताला हलकं लागतं, आणि ते अकोल्यालाच भरून मिळतं. रविवारी घेऊन ये बाई, आणि मुक्कामाला ये.