नानांच्या टिटवीची अंडी

तळ्याचे नाना माणसाला ‘ए शहाण्या’ म्हणायचे आणि बदकाला ‘माय’. चाळीसगाव तालुक्यातल्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी ते बांधावर कपडे धुणाऱ्या बायकांना झापत होते आणि मध्येच पाण्याकडे वळून सांगत होते, “तू नको घाबरू वं माय, तुले नही बोलत.” पाण्यात हळदीकुंकू बदक पिलांना घेऊन चाललं होतं. मला हसू फुटलं आणि मग मीही बोलणी खाल्ली.

तळ्याची राखण त्यांना कुणी सांगितली नव्हती. पगार नाही, पद नाही, नुसता रुबाब! साबण दिसला की जप्त. वर ऐकवायचे, “तलावमा पानी शे, त गाव शे.” गावाच्या पिण्याच्या विहिरीला झरे तळ्याचेच होते.

एका मे महिन्यात तळ्याचं डबकं उरलं आणि लोकांनी त्यातही मोटारी सोडल्या. विहिरीचा तळ दिसू लागला. बदकाच्या पिलांना अजून उडता येत नव्हतं. नाना दारोदार पाया पडले, पण केळी वाचवायला निघालेला भिकनभाऊ हट्टालाच पेटला होता.

मग एका सकाळी नाना ओरडत आले, “टिटवीनी यंदा खाल अंडा टाकात!” टिटवीनं काठावर उंच अंडी घातली तर पाऊस बख्खळ, खाली तळात घातली तर दुष्काळ, हे आमच्याकडे पंचांगाहून पक्कं. गाव धावलं. नानांनी सगळ्यांना लांबच थोपवलं. भिकनभाऊ तेवढा दामटून पुढे गेला, उकिडवा बसला, उठला आणि मुकाट्यानं आपली मोटार काढू लागला. मागोमाग सगळ्यांनी काढल्या. त्याची निम्मी केळी वाळली. विहीर मात्र तरली, पिलंही उडाली.

त्याच संध्याकाळी मी कौतुकानं बघायला गेले, तर काय! अंडी कसली, काजळाचे ठिपके दिलेले चार गोटे! नाना ओशाळले. “मॅडम, कोनले सांगू नका. जिंदगीमा पहिल्यांदा खोटं बोलनू.”

मी शब्द पाळला. गेल्या दिवाळीनंतर नाना गेले. खूप रडले मी. तेराव्याला राहवेना, म्हणून भिकनभाऊला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हा केळीवरून भडकणार.

तो डोळे पुसत हसला. “मॅडम, जनम वावरमा गया. अंडं आनि गोटा मले कळत नही का? तवयच गोटा हातमा लिसन दखं. पन नाना खोटं बोलना, म्हंजे पानी खरंच सरनं व्हतं.”